मोहाखालचा जाळ

१४ मार्च, शनिवार
उद्या टेकडी. पक्कं. दर वर्षी पळस फुलला की जायचं म्हणते आणि मार्चएंड ऑफिसात बसवून ठेवतो. ह्यांचा गुडघा कुरकुरतोय, पण येतायत, कारण पायथ्याशी कुसुमताई राहतात. ह्यांची मोठी बहीण, एकटी. फोनवर म्हणाल्या, "लवकर येजो. मोह पडून राह्यला, मले सकाळीच वेचा लागते." पराठे रात्रीच करून ठेवले.

१५ मार्च, रविवार
आजचं आजच लिहून ठेवते.
घरून, बोरगाव मेघेहून अंधारातच निघालो. तळेगावच्या पुढे आत वळून साडेसातला ताईंच्या मोहाखाली. घोटाभर पाचोळा. मोहाची फुलं त्यात हरवतात म्हणून दर वर्षी तो जाळतात. ताई म्हणाल्या, "आज हवा हाय. उद्या पाहू." मीच म्हटलं, "आम्ही आहोत तोवर करा ना ताई, फोटो काढते." माझा हट्ट म्हणून त्यांनी काडी ओढली. फोटोत ताई, धूर, मागे लालभडक पळस. लगेच स्टेटसला टाकला आणि चढायला लागलो.
वर धायटी फुललेली, उतारभर पळस, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. पराठे खाल्ले. इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मग हे म्हणाले, "सुनीता, एवढा धूर काऊन?"
आमच्या पायवाटेवरच. ताई खाली एकट्या, फोन लागेना. मागच्या अंगाने उतरलो, वाट नाही, नुसते गोटे. ह्यांना धरू की पळू. मी चक्क ओरडले त्यांच्यावर.
ताई हिरव्या फांदीने आग झोडपत होत्या. गावातली दहा-बारा माणसं आली होती. दुपारी विझली. मोह वाचला, उतार सगळा काळा. ताईंचे दोन्ही तळवे भाजले.
स्टेटस काढून टाकलं. आधी किती जणांनी पाहिलं ते पाहिलं. सत्तेचाळीस.

१६ मार्च, सोमवार
ताईंकडे फॉरेस्टचा गार्ड येऊन गेला. गुन्हा नोंदवणार म्हणतो. ताईंनी सांगून टाकलं, मीच पेटवलं, एकटीच होते. मी फोनवर म्हटलं, खरं काय ते मी सांगते. तर म्हणतात, "तू काऊन मधात येऊन राह्यली? तुई सरकारी नोकरी हाय. गप राह्य."
हेही म्हणाले, ताईच म्हणते तर राहू दे.
हायसं वाटलं. लिहायची लाज वाटते, पण वाटलं.

१८ मार्च, बुध.
शेजारच्या टेबलावरून: "मॅडम, तो धुराचा फोटो मस्त होता. बाई कोण?" म्हटलं, गावची आहे एक.
गावची आहे एक! दिवसभर डोकं ठणकलं.

२१ मार्च, शनिवार
ताईंकडे एकटीच आले, दोन दिवस राहणार. पट्ट्यांमुळे त्यांना काही धरता येत नाही. सकाळी फुलं मी वेचली. जमीन अगदी स्वच्छ, एकेक फूल दिसत होतं. ताई बाजूला बसून दाखवत होत्या, "ते पाह्य, तिकडं एक राह्यलं." रडू आलं. त्यांना वाटलं, कंबर दुखतेय.
"राहू दे वो, उठ आता."
दुपारी गार्ड पुन्हा आला. मला विचारलं, "तुम्ही होत्या का त्या दिवशी?" मी तोंड उघडायच्या आत ताई, "ते कायची होती? ते आज आली." तो गेला. सोमवारी ताईंना फॉरेस्टच्या ऑफिसात बोलावलंय, लेखी जबाब घेऊन.

२२ मार्च, रविवार
ताईंनी कोरा कागद पुढे ठेवला. "मायानं पेन धरनं होत नाई. तूच लिहून दे. तुयं अक्षर चांगलं हाय. एकटीच होतो म्हनून लिहिजो." आणि चहा ठेवायला आत गेल्या. कोपराने भांडी ढकलल्याचा आवाज येतोय.
कागद या वहीशेजारीच आहे. 'त्या दिवशी सकाळी मोहाखाली मी' इथवर लिहून झालंय.