हेल्गाबाईंच्या सहा बशा

३ नोव्हें. १९९३
अदलियात हेल्गाबाईंकडे बशा रंगवायचा चौथा क्लास. आजही नुसती पानं. चिपळूणला शाळेत सात वर्षं चित्रकला शिकवली मी, आणि इथे बहारीनला एका पानासाठी तीनदा बशी पुसली! बाई चौदाव्या वर्षी जर्मनीत चिनी मातीच्या कारखान्यात लागल्या. पहिलं वर्ष पानंच. मग गुलाब. बशीमागे नाव घालायचं नाही, नंबर. यांचा सतरा.

१९ जाने. १९९४
बाईंनी भिंतीवरची चित्रं दाखवली. लिंबं, कापलेलं डाळिंब, ताटातला हमूर मासा. इंजिनियर नवऱ्याबरोबर बहारीनला आल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या नावाने काढली. लोकांनी हौसेने घेतली. नवरा वारला, त्या राहिल्या. गाव पूर्व जर्मनीत. लढाईनंतर सुटलं ते सुटलंच. आता वाट मोकळी झालीय, तरी पाय निघत नाही म्हणाल्या.
घरी येताना मला आमची खाडी आठवत राहिली.

६ मार्च
बाई इथल्या फळांच्या सहा बशा करतायत. पाच झाल्या. सहावीवर रेघ वाकडी गेली. पुसली, पुन्हा तेच. मग कुंचला माझ्यापुढे ठेवला. "रझिया, बोरं तू काढ."

९ मार्च
तीन दिवस लागले. बाईंनी भिंगातून बघितलं, बशी उलटी केली. मग म्हणाल्या, मागे सही कर. मी म्हटलं, सेट तुमचा.
"बोरं तुझी आहेत. नाव घाल."
मराठीत घातलं. घरी नवऱ्याला, अन्वरला सांगितलं तर म्हणाला, मिठाई आणू का?

२ मे
बाई जर्मनीला गेल्या. भाची बोलावतेय, गाव बघून येते म्हणाल्या. तिकीट रिटर्न. बशा भाजायची भट्टी माझ्याकडे. अन्वरने एअरपोर्टला सोडलं. परत येणार ना, मी विचारलं. "इंशाल्ला." आपण म्हणतो तसंच म्हणाल्या. म्हणजे हो, की नाही...

१४ ऑक्टो.
पत्र आलं. रस्त्याचं नाव बदललंय, कारखान्याचं फाटक तेच. शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीण जिवंत आहे. दोघी दुपारी फिरायला जातात. भाची चांगली आहे. परतण्याबद्दल एक अक्षर नाही. सहा महिने बाहेर राहिल्या की व्हिसा खलास, म्हणजे उरले एकोणीस दिवस.
बाईंचा घरमालक विचारत होता, घर दुसऱ्याला देऊ का. येतायत, सांगितलं. पत्राचं उत्तर अर्धं लिहून ठेवलंय. या म्हणू, की राहा म्हणू?