जलकन्येच्या ओठांवर माझाच आवाज ठेवण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख, कौटुंबिक मालिका विभाग,
पश्चिम किनारा दूरचित्रवाहिनी,
ट्रुरो, कॉर्नवॉल.

विषय: ‘पोर्थलेनची जलकन्या’ या भागातून वगळलेला शाप परत मिळणेबाबत.
संदर्भ: ‘किरकोळ बदल’ कळवणारे आपले पत्र.

महोदया,

मी, लव्हडे ट्रेगेना, इयत्ता दहावी, सदर भागातील जलकन्या (शेपटीसह!), अर्ज करते की,

१. आमची दंतकथा आपणांस ठाऊकच आहे. गावकऱ्यांनी जलकन्येला जाळ्यात ओढून वाळूवर आणले, दिवसभर चिडवले. मरता मरता तिने शाप दिला. तेव्हापासून आमचे बंदर वाळूने बुजते आहे.

२. चित्रीकरणात गावकरी गावकऱ्यांनीच केले. चिडवण्याचे शब्द संहितेत नव्हते. दिग्दर्शकसाहेब म्हणाले, "मनात येईल ते ओरडा." त्यांच्या मनात जे आले ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे, कारण मी बोलताना अडखळत असे. बेकरीवाल्या हॉस्किंगकाकू सर्वांत आधी ओरडल्या, "ल-ल-लव्हडे, श-श-शेपूट हलव!" मग सगळा किनारा. मी जाळ्यात, हात बांधलेले. साहेब टाळ्या पिटत म्हणाले, "वा, काय अस्सल! पुन्हा एकदा!" सुट्टीत काकूंनी मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी पुढे केली. "रडतेस काय, वेडाबाई? नाटकच आहे ना!"

३. नंतर शाप. "तुमच्या घशात वाळू भरो, तुमच्या होड्या दारातच रुतोत…" महोदया, मी तो एका दमात म्हटला! एकदाही न अडखळता! आयुष्यात प्रथमच माझे वाक्य दुसऱ्या कोणी पूर्ण केले नाही.

४. आपल्या पत्रानुसार, जेवणाच्या वेळी लहान मुले घाबरतील म्हणून शाप वगळला आहे. चिडवणे मात्र ‘खेळकर’ म्हणून ठेवले आहे. शेवटी जलकन्या म्हणते, "मी सगळ्यांना माफ केलं, चला, केशरी केक खाऊ या!" तेही माझ्या ओठांवर दुसऱ्याच मुलीच्या आवाजात. मी माफ केलेले नाही. केकही खाल्लेला नाही.

५. तरी शाप व आवाज परत द्यावा. ते न जमल्यास निदान चिडवणे काढावे.

६. काहीच न जमल्यास, केवळ माहितीस्तव: पहिला खेळ आमच्या चर्चच्या सभागृहात आहे. झाडून सगळे गाव येईल. पडद्यावर केक येताच मी उठून शाप म्हणेन, ‘तुमच्या’ या शब्दाच्या जागी एकेकाचे नाव घालून. सुरुवात हॉस्किंगकाकूंपासून. ‘ह’ हे अक्षर मला पूर्वी मुळीच जमत नसे.

आता जमते.

आपली नम्र, पण यापुढे गप्प न बसणारी,
लव्हडे ट्रेगेना
पोर्थलेन, १४ मार्च

सोबत: शेपटी, वाळू झटकून.