जीवरक्षक क्रमांक चार

३ मे

चि. भिंगरीस मामाचे अ. उ. आ.

पोहण्याच्या तलावाच्या काठावरून उठवून मला काल तिकीटखिडकीत बसवलं. व्यवस्थापक म्हणाले, नगरपालिकेच्या सांख्यिकी खात्याचा अहवाल आलाय. जीवरक्षक क्रमांक चार काठावर असतो त्या दिवशी बुडण्याचे प्रसंग जास्त होतात. खाली सही तुझी. मी सगळ्यांना दाखवली, म्हटलं भाची आहे माझी. तू लहानपणापासून हिशोबात पक्की, तेव्हा खोट माझ्यातच असणार. मनाला लावून घेऊ नकोस. खिडकीत पंखा आहे, खुर्चीला गादी आहे. म्हातारपणी साहेब झालो म्हण.

मामाला विसरू नकोस, म्हणजे झालं.

९ मे

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. माझ्याकडे नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. चार म्हणजे तुम्ही, हे आत्ता कळलं. शिवाय मी फक्त सहसंबंध लिहिला होता. सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी बरोबरीने वाढतात, किंवा एक वाढली की दुसरी घटते, एवढंच. एकीमुळे दुसरी घडते असं त्यातून ठरत नाही. तशी तळटीपही दिली होती. व्यवस्थापकांनी ती वाचली नाही, त्याला मी काय करणार?

रागावू नका, लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची भिंगरी

१७ मे

चि. भिंगरीस मामीचे आशीर्वाद.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहितेय. तळटीप वगैरे मला कळत नाही. हे मात्र परवा डोळे तपासून आले. नजर शाबूत आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तरी ह्यांचं समाधान नाही. नातीला पोहायला शिकवायचं कबूल केलं होतं. आता म्हणतात, मी जवळ असलो की काहीतरी होतं. पोर हिरमुसून बसलीय. तुझ्यावर ह्यांचा एवढा विश्वास, की स्वतःवरचा उडाला. तुला काही करता आलं तर बघ.

तब्येतीला जप.

तुझी मामी

२ जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

चूक तुमची नव्हती, माझी होती. मी पुन्हा आकडे घेऊन बसले. रोजच्या तिकिटांची संख्या शेजारी मांडली आणि मान वर करवेना. सुट्टीच्या दिवशी तलाव माणसांनी तुडुंब भरतो, तेव्हाच तुम्ही अनुभवी म्हणून तुमची पाळी लावतात. गर्दीमुळे प्रसंग वाढतात आणि गर्दीमुळेच तुम्ही काठावर असता. सारख्या गर्दीचे दिवस घेऊन पाहिलं, तर सगळ्यात कमी प्रसंग तुमच्याच पाळीत.

तिकिटांचे आकडे तेव्हाही माझ्या टेबलावर होते, मामा. मला ठसठशीत निष्कर्ष हवा होता, म्हणून मी ते उघडलेच नाहीत. तळटीप कोणी वाचत नाही, हेही ठाऊक होतं. गेल्या पत्रात मी सगळं व्यवस्थापकांवर ढकललं, त्याची लाज जास्त वाटते.

बैठकीत उभी राहून म्हणाले, "अहवाल चुकीचा आहे, आणि चूक माझी आहे." साहेबांना वाटलं, घरच्या माणसासाठी आकडे फिरवतेय. मग दुसऱ्या खात्याने तपासले. उत्तर तेच आलं. तुम्हाला परत काठावर घेण्याचा हुकूम निघालाय. माझी बढती थांबली, ती थांबायलाच हवी होती.

माफ करा असं लिहायला हात धजत नाही.

भिंगरी

११ जून

चि. भिंगरीस अ. उ. आ.

राग आला होता, खोटं कशाला सांगू. आता निवळलाय. शिट्टी पुन्हा गळ्यात आली. परवा एक बाई खोल पाण्यात गटांगळ्या खाऊ लागल्या. उडी मारायला पाय उचलला आणि क्षणभर थबकलो: मी इथे आहे म्हणूनच तर हे होत नसेल? मग उडी मारली. बाई सुखरूप आहेत. पण तसं थबकणं मला पूर्वी माहीत नव्हतं. हे तुला कळवू नका म्हणून मामी सांगत होती. मला वाटलं, तुला कळायला हवं.

रविवारी नातीला पाण्यात उतरवणार आहे. तूही ये. तिचा एक हात तू धर.

तुझ्यावरची माया होती तेवढीच आहे.

मामा