सुई आणि पीठ

२८ मार्च
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दादामुळे! झोटिकोसदादा हिएरापोलिस शहरातल्या बिशपचा लेखनिक. काल आला, दारातच उभा राहिला. माझ्या सासरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, "अम्मिया, पाखंड्यांत पडलीस तू. सणाला तान्ह्या पोराला सुईनं टोचतात, रक्त पिठात मळतात, ती भाकर सगळे खातात." मी म्हटलं, तू पाहिलंस? "पाहायला कशाला हवं? पुस्तकात आहे!"

माझी तातिया अडीच महिन्यांची. सण सहा एप्रिलला.

अक्षरं दादानंच शिकवली. फुटक्या रांजणाच्या खापरांवर लिहितेय. सांगू कुणाला?

३० मार्च
सासूबाई नेहमीसारख्याच. इथं देवापुढची भाकर बाई मोडून वाटते — गावात तो मान त्यांचा. "आण पोरीला इकडं, दुधानं फुगलीय नुसती!" मी दिली नाही. "अगं, खाते की काय मी तिला?" हसल्या. मी पोरीला घेऊन आत गेले.

१ एप्रिल
सासूबाईंच्या पेटीत सुई. शिवायची नाही. जाड, मुठीला चिंधी बांधलेली.

२ एप्रिल
मीठवाल्याबरोबर दादाला निरोप धाडला — सुई आहे, आम्हाला घेऊन जा. नवऱ्याला बोलले नाही.

५ एप्रिल
सणाची भाकर मलाच मळायला लावली! पीठ, पाणी, वर मेंढीचं चीज. बास. मी परातीवरून नजर हलवली नाही. सासूबाई म्हणतात, "काय बघतेस? सोनं पडणाराय त्यात?"

भाकरी भाजून झाल्या. मग सुई काढली. मी तातियाला छातीशी आवळली. त्यांनी आपली बाही वर केली — मनगटावर तीन निळे ठिपके. "गोंदण गं, वेडे! देवाचं शहर आभाळातून इथंच उतरणार, पेपुझाच्या माळावर. त्या गर्दीत आपलं लेकरू ओळखू यायला नको?"

नवऱ्याच्या मनगटावर तेच ठिपके. दोन वर्षं बघतेय, मेंढपाळांची काहीतरी खूण समजले. विचारलं नाही कधी. मूर्ख मी!

तातियाच्या मनगटाला काजळी लावली. तीन टोचे. पोरगी किंचाळली, दूध प्यायली, झोपली. थेंबभर रक्त, चिंधीला पुसलं, चिंधी चुलीत.

मीठवाला परत आला नाही. निरोप पोचलाच नसेल.

६ एप्रिल
पोचला.

दादा शिपाई घेऊन आलाय. सासूबाईंना बांधलं. तातियाचं मनगट अजून लाल — ते सगळ्यांना दाखवत म्हणतो, "बघा! लिहिलंय तस्सं!" मी ओरडून ओरडून सांगितलं. "भुलवलंय तुला," म्हणतो. कपडे बांधायला घरात धाडलंय. तेवढ्यात हे लिहितेय. तोंडचं तो ऐकत नाही, लिहिलेलंच खरं मानतो.

माझ्या हातून दिलं तर भुलवलेलीचं म्हणून फेकेल. ज्याला हे खापर सापडेल त्यानं हिएरापोलिसला झोटिकोस लेखनिकाच्या हातात द्यावं. दादा, भाकर मी मळली. त्यात फक्त पीठ होतं.