सल्लागाराचा खिळा

शुक्रवार, दिवेलागण. पिंगळी.

आज अमेरिकेतून आणखी एक पाकीट आलं. आमच्या ह्यांना म्हातारपणी हा नाद लागलाय. तिकडच्या राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहायची, सहीचे फोटो मागवायचे अन् भिंतीला टांगायचे. आजचा तर कुण्या जुन्या अध्यक्षाचा सल्लागार. भिंतीला जागा न्हाई, म्हणून ह्यांनी आमच्या लग्नाचा फोटो उतरवून त्याच खिळ्याला त्याला टांगलं.

"हा काय करायचा?" मी विचारलं.

"अध्यक्षाला अक्कल सांगायचा."

"मग माझाबी फोटो लावा की. जन्मभर तेच करायलेय."

"तुझ्या सहीला कोण विचारतंय?" म्हणले, अन् धोतराच्या सोग्यानं त्याची काच पुसायला लागले. माझा चष्मा कधी पुसलाय का ह्या माणसानं? त्या टकल्यात असं काय हाय? वर खिळाबी माझाच.

हे देवळात गेले तसं मी सल्लागाराला पिठाच्या डब्यावर बसवलं. नातीचं स्केचपेन घेतलं, लग्नाच्या फोटोवर ठसठशीत सही केली अन् माझ्या खिळ्याला टांगला. बचत गटात सही करते तवा माझ्या नावाच्या अन् आडनावाच्या मधी ह्यांचं नाव लिहिते. आज ते गाळलं.

हे आले. फोटोपाशी जाऊन सही वाचली.

"अगं, मधलं माझं नाव कुठं गेलं?"

"पाहिजे असंल तर पत्र लिहा," म्हणलं. "उत्तर यायला येळ लागतो."