पितृपक्षापुरतं कुत्रं

आई, तू असतीस तर आज पोट धरून हसली असतीस, म्हणून तुलाच लिहिते आहे. बाकी ज्यांना सांगावं ते सगळे सुतकी चेहऱ्याने पितृपक्ष पाळण्यात गुंतले आहेत.

मी आता समता कॉलनीत राहते. इथे सगळे सभ्य लोक. दारात तुळस, गाडीच्या काचेवर देवाचं नाव, आणि कुत्रं दिसलं की हातात दांडा. उन्हाळ्यात सोसायटीच्या अध्यक्षांनी सभा बोलावली. गृहस्थ मूळचे अमरावतीकडचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, रस्ता वडिलोपार्जित असल्यासारखे फिरणारे. कुत्री भुंकतात, घाण करतात, कॉलनीची शान जाते, असं त्यांचं म्हणणं. कुणाला चावली का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "चावल्यावर पाह्यचं का मंग?" मी नियम सांगितला. नसबंदी करायची, लस टोचायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. आमच्या गल्लीतली सगळी कुत्री मी तशी करून आणली होती, प्रत्येकाच्या कानाला तशी खूणही होती. "कायदा मले नका शिकवू मॅडम, जिंदगी गेली त्यात माझी," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. मग एका दुपारी, मी ऑफिसात असताना, टेम्पो आला. हातापाया पडले, तरी कुत्री कुठे नेऊन टाकली ते कुणी सांगत नाही. 'दूर', एवढंच. त्यांतली भुरी तेवढी पाण्याच्या टाकीमागे दडून बसली म्हणून वाचली. तेव्हापासून ती माझ्या घरात आहे, आणि तिला काढा म्हणून दर आठवड्याला निरोप येतो.

असल्या पुण्यवंतांची तुला चांगली ओळख होती. मला अजून दिसतं, बुढापारा मोहल्ल्यातल्या आपल्या जुन्या घराच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात तू पोळ्या लाटते आहेस. शेजारची काकू खिडकीतूनच गायीपुढे उरलंसुरलं अन्न भिरकावते, प्लास्टिकच्या पिशवीत, वर घट्ट गाठ मारून. तू लाटणं हातात घेऊन तशीच बाहेर. "अवं बाई, तिले हात आहेत का गाठ सोडाले?" काकू म्हणते, पुण्याचं काम आहे. "पुण्य पाह्यजे तं उतर न खाली. फेकून कायचं पुण्य?" मग तू गायीच्या तोंडातून पिशवी ओढून काढतेस, आणि मी बघत उभी म्हणून मलाच ओरडतेस, "पाहून काय राहिली? पाणी आण!" त्या पिशव्या अजून येतात, आई. आता गाडीची काच खाली करून येतात. गेल्या वर्षी चौकातली एक गाय पोट फुगून मेली, तर पोट कापल्यावर निघालेला तो प्लास्टिकचा गोळा बघायलाही कुणी थांबलं नाही. हार घालायला मात्र गर्दी होती.

तर परवा भरदुपारी बेल वाजली. दारात अध्यक्ष. धोतर, उपरणं, घामाने निथळलेले, आणि हातात पत्रावळ. खीर, वडा, भात.

"आईचं पान आहे आज," ते म्हणाले. "गाईले दिलं, कावळाही शिवला. कुत्र्याचा वाटा राह्यला. सकाळपासून फिरून राहिलो, सदर बाजारापर्यंत स्कूटरनं जाऊन आलो. एक कुत्रं थांबत नाही जवळ."

"काहून बरं, काका?"

त्यांनी पत्रावळ पुढे केली. "वाटा गेल्याशिवाय घरी कोणी जेवत नाही. पोट्टे उपाशी बसून आहेत. तुमची ती आहे न आत?"

दार तोंडावर आपटावं असं फार वाटलं. पण खिरीचा वास लागून भुरीच बाहेर आली. निलाजरी कुठली! सगळं चाटूनपुसून खाल्लं, वर त्याच माणसापुढे शेपटी हलवली. कुत्र्याच्या जातीला मान-अपमान नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

अध्यक्ष खूश झाले. जाताना मोठ्या मनाने म्हणाले, "सर्वपित्रीपर्यंत राहू द्या तिले. अजून दोन-तीन घरचे पानं आहेत. मंग टेम्पो बोलावतो."

माझं डोकं फिरलं. जे तोंडात आलं ते बोलले. "काका, मग एक ऐकून ठेवा. माझी आई जाताना सांगून गेली, दर अमावास्येला माझ्या दारात कुत्र्याला पान गेलंच पाहिजे. त्यात जो आडवा येईल, त्याच्या घराला ती सोडणार नाही."

त्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं. "कडक होती का माय तुमची?"

"फार."

त्यांनी भुरीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तं राहू द्या मंग. कायमची राहू द्या. माह्याकडूनही एक पान येत जाईन."

बघ, कायद्याला भीक घातली नाही, दयेला नाही, माझ्या हातापाया पडण्याला नाही. हा माणूस भ्याला कुणाला, तर मेलेल्या बाईला. तू तर असलं काहीच बोलली नव्हतीस. जाताना तू फक्त पंखा लावायला सांगितलं होतंस. भुरी पलंगाखाली घोरते आहे, आणि तुझं भूत करून मी तिच्या राखणीला बसवलं आहे.

हे पत्र तुला पोचणार नाही, तेच बरं. खोटं बोलल्यावर तू काय करायचीस ते मला ठाऊक आहे, आणि पन्नाशी उलटली तरी मी अजून तुला भिते.