एकसारख्या दोन तबकड्या

४ जून

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. खोकला बरा आहे असं तुम्ही लिहिता आणि त्याच पाकिटात आई लिहिते की घर डोक्यावर घेता. कोणाचं खरं धरू?

आमच्या ऑफिसातले हिशेब आता कॉम्प्युटरच करणार आहे. त्याने मला घरी बसवण्याआधी मीच त्याला कामाला लावावं, म्हणून संध्याकाळी प्रोग्रामिंगच्या शिकवणीला जाते. बाई म्हणाल्या, घरातलं ओळखीचं काहीतरी घ्या आणि त्याचा प्रोग्राम लिहा. मी तुमच्या गाण्यांच्या तबकड्या घेतल्या. लहानपणी सुट्टीच्या दिवशी पुसायला बसवायचात, त्याचं आता चीज होऊ दे.

तुमच्या भाषेत सांगते. चष्म्याच्या दुकानात तुमच्याकडे नंबर लिहायचा कोरा कागद असायचा ना? तो कोरा कागद म्हणजे ‘क्लास’. गिऱ्हाईक आलं आणि कागद भरला, की झालं ‘ऑब्जेक्ट’. मी ‘तबकडी’ नावाचा कोरा कागद केलाय: गाणं, गायक, वर्ष, किती मिनिटं. शिवाय या कागदाला कामंही शिकवता येतात. ‘तुझ्यासारखी दुसरी आहे का?’ असं विचारलं की तो स्वतः शोधून सांगतो. तेव्हा एकेका तबकडीवरचा मजकूर मला उतरवून पाठवा. नाही तरी दिवसभर आईच्या कामात लुडबुडच करता.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.
तुमची,
भिंगरी

१५ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मजकूर सोबत आहे. कोरा कागद कळला. मात्र आमच्या कागदाला कामं सांगता येत नव्हती, नाही तर आयुष्यभर भिंगं घासत कशाला बसलो असतो?

एक उपकार कर. कुठल्या तबकड्या दोनदोन आहेत तेवढं शोधून दे. कपाटात आता टाचणी ठेवायला जागा नाही. शिवाय आपला कंपाउंडर, दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला गाण्याचं वेड लागलंय. जुन्या बाजारातून प्लेअर आणला आणि त्याच्याबरोबर एक खोकंभर घासलेल्या तबकड्या. रोज येऊन माझ्या कपाटाकडे असा बघतो, की मांजर बरं. जास्तीच्या त्याला देऊन टाकीन म्हणतो.

आई म्हणते जेवत जा. मीही तेच म्हणतो, पण माझं कोण ऐकतं?

तुझे, खोकला खरंच बरा असलेले,
बाबा

२६ जून

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

प्रोग्राम चालला! बाईंनी सगळ्यांसमोर दाखवायला लावला. गाणं, गायक आणि वर्ष जुळलं की दोन्ही एकच, असं मी त्याला सांगून ठेवलंय. त्याने झटक्यात जोड्या काढून दिल्या, त्या मागच्या पानावर आहेत. प्रत्येक जोडीतली जी जास्त खराब असेल ती कंपाउंडरकाकांना देऊन टाका, चांगली ठेवा. तुमचा कपाटाचा प्रश्न मुलीने घरबसल्या सोडवला हे आईला जरा मोठ्याने वाचून दाखवा.

घाईत आहे. दोघांनी लोभाची धार चालू ठेवावी.
भिंगरी

७ जुलै

चि. भिंगरी,
आशीर्वाद.

यांनी मोठ्याने वाचून दाखवलं हो. तुझ्या यंत्राची अक्कलही ऐकली.

नदीकाठचं गाणं तुला माहीत आहे. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ऐकतेस. त्याच्या दोन तबकड्या आपल्याकडे होत्या. एक यांची. दुसरी माझी, टेलिफोन ऑपरेटर होते तेव्हा पहिल्या पगारातून घेतलेली. पाकिटावर माझं माहेरचं नाव होतं. लग्न होऊन आले तेव्हा पेटीतून काढली, तर यांच्याकडे तीच! दोघंही हसलो होतो. पुढे घरात वाजत राहिली ती माझीच. वाजून वाजून तिच्यावर चरा पडला आणि सुई एका ठिकाणी उडी मारायला लागली, तरी तीच वाजली. यांची कोरी करकरीत कपाटात.

मी बाजारात गेले असताना यांनी माझी देऊन टाकली. विचारलं तर म्हणतात, चरा पडलेलं भिंग आम्ही बादच करायचो, आणि भिंगरीचं यंत्र म्हणालं दोन्ही एकच आहेत. मी त्यांना सांगितलं, शेजारच्यांच्या आणि तुमच्या चष्म्याचा नंबर सारखा आहे, म्हणून मी उद्यापासून त्यांच्याकडे राहायला जाऊ का?

दिलेली वस्तू परत मागायला यांना लाज वाटते. मला बोलायला लाज वाटते, म्हणून बोलत नाही. पोळ्या वेळेवर मिळतात, तेवढं पुरे.

मला फार लागलंय, पोरी. वस्तूत जीव अडकवू नये हे मलाही कळतं. कळून काय करू?

आई

१३ जुलै

ती. आई व बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, चूक माझी आहे, बाबांशी धरलेला अबोला सोड. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. दोन ऑब्जेक्टमध्ये भरलेली माहिती सारखी असली, तरी ती दोन वेगळी ऑब्जेक्ट असतात. यंत्राला दोन प्रश्न विचारता येतात: ही तिच्यासारखी आहे का, आणि ही तीच आहे का. मी पहिलाच विचारला आणि उत्तर दुसऱ्याचं म्हणून पाठवून दिलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले, दुसरं काय.

आता कोऱ्या कागदात मी ‘कोणाची’ असा रकाना वाढवलाय. पण कागद सुधारून तबकडी परत येत नाही. बाबा, लाज गुंडाळून ठेवा आणि कंपाउंडरकाकांकडे जा.

रागावलात तरी आपलंच म्हणून रागवावं.
भिंगरी

२० जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

गेलो. आगीतून फुफाट्यात! कंपाउंडरला दवाखान्याची सवय, त्याने सगळ्या तबकड्या धुऊन नव्या पांढऱ्या पाकिटांत घातल्या आणि जुनी पाकिटं रद्दीत दिली. वर त्याच्या बाजारातल्या खोक्यातही तेच नदीकाठचं गाणं निघालं. बिचाऱ्याने दोन्ही माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, तुमची असेल ती न्या. दोन्ही घासलेल्या, दोन्हींवर चरे. वाजवल्या, तर दोन्ही उडी मारतात! तुझ्या आईची उडी मारते हे ठाऊक होतं, पण कुठे, ते काही केल्या आठवेना. उभं आयुष्य ऐकलेलं गाणं, आणि मी ठोंब्यासारखा बसलो. चुकीची घरी नेली असती तर तुझ्या आईने मलाच रद्दीत दिलं असतं.

शेवटी डोळे मिटले आणि घरी म्हणतो तसं गाण्याबरोबर म्हणायला लागलो. पहिल्या तबकडीवर दुसऱ्या कडव्यात मी पुढे गेलो आणि गाणारी बाई मागेच राहिली. मला वाटलं, हिचंच चुकतंय. मग दुसरी लावली. तिच्याबरोबर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही अडखळलो नाही. तीच घेऊन आलो. आम्ही दोघं घरात ते गाणं एक ओळ गाळून म्हणतो, हे मला परवा कळलं.

घरी येऊन काही न बोलता लावली. पुढचं तुझी आई लिहील. सध्या बोलतेय, आणि भरपूर बोलतेय.

बाबा

२१ जुलै

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

मी कणीक मळत होते. गाणं लागलं तशी नकळत म्हणायला लागले. दुसऱ्या कडव्यात सुईने उडी मारली, मी मारली आणि बाहेरच्या खोलीतून यांनीही मारली. मग कसला राहतोय अबोला? रडू आलं, ते कणकेच्या हातानेच पुसलं.

हे म्हणाले, आता माझी कोरी कंपाउंडरला देतो. मी म्हटलं, मुळीच नाही, ती तुमची आहे. संध्याकाळी तीही लावली. चांगली आहे. पण त्या ओळीशी आम्ही दोघंही गप्प झालो, कोणी अनोळखी माणूस दारात उभं राहावं तसं.

तुझा नवा रकाना भर: एक यांची, एक माझी. आणि आणखी एक दुरुस्ती कर. तू दोन्हींची वेळ सारखी लिहिली आहेस. माझी जरा कमी लिही.

तुझी,
आई